उबुंटू टाकल्यावर बूट मेनूत विंडोज दिसत नाही, काय करू?

विंडोज शाबूत असणार. लॅपटॉप उचलून लगेच सिल्व्हर मॉल (आमच्या इंदुरातलं कॉम्प्युटर मार्केट) गाठायची गरज नाही. बूट मेनू दाखवतो तो ग्रब नावाचा प्रोग्रॅम; २०२१ च्या ग्रब २.०६ पासून त्यातला इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. 'इटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे. ती सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून उघडा आणि 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घाला. डावीकडचं नाव सगळं कॅपिटलमध्ये, फॉल्स मात्र स्मॉलमध्ये. मग टर्मिनलवर 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. हे राहिलं तर मेनू जैसे थे.

तरीही दिसत नसेल, तर दोन्ही सिस्टिम यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करायची बायॉसनंतरची नवी पद्धत) मोडमध्येच आहेत ना, ते बघा. घरचे विंडोजच वापरत असतील, तर त्याच फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' आणि 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू' करा आणि पुन्हा 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. मागच्या वेळी निवडलेलीच सिस्टिम आपोआप सुरू होते, रोजची कटकट जाते.