बॅनर त्यांचा, निवेदन कुणाचं?

वाचकांचे प्रश्न

(औषध कंपनीचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर, म्हणून 27 वर्षं खांद्यावर बॅग वागवलेल्या, आता सोलापुरात निवृत्त असलेल्या एमआरकाकांची उत्तरं)

प्रश्न : काका, माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर आहे. असा आजार असलेल्या घरांतली आम्ही चौदा-पंधरा माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका वाचनालयात जमतो. यंदा 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, मोठा कार्यक्रम करायचं ठरतंय. एका कंपनीचे साहेब आले होते. हॉलचं भाडं, चहा-उपमा, टोप्या, बॅनर, बोलायला डॉक्टर, सगळं आमच्याकडे लागलं म्हणाले. कलेक्टरांना द्यायचं निवेदनही त्यांनी टाइप करून आणलंय. महिन्यातून एकदा घ्यायचं नवीन इंजेक्शन सरकारी दवाखान्यात ठेवावं, अशी त्यात मागणी आहे. इकडे भावानं मोबाइलवर अमेरिकेतल्या कंपन्यांच्या भानगडी वाचल्या. तो म्हणतो, "सगळा धंदा आहे, मी गोळ्या बंद करतो." पैसे घ्यावेत का? आणि भावाला काय सांगू?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, आधी भावाचं बघू. हॉलचं नंतर.

गोळ्या मनानं बंद करू देऊ नका. एकदम सोडल्या की आजार उलटतो. आणि उलटला की कंपनीच्या साहेबांना काही होत नाही, रात्र तुम्ही जागून काढता. पण त्याला गप्पही बसवू नका, कारण त्याची शंका बिनबुडाची नाही. 2005 साली अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पैसा सरकारी होता, रुग्ण जवळपास 1,500. परफेनाझिन नावाची एक जुनी, स्वस्त गोळी त्यात बहुतेक नव्या महागड्या गोळ्यांच्या बरोबरीला उतरली. नव्यांपैकी ओलान्झापिन या गोळीवर माणसं जरा जास्त दिवस टिकली, पण वजन आणि साखर चढली. दीड वर्षात चारातल्या जवळपास तिघांची पहिली गोळी सुटली किंवा बदलावी लागली. म्हणजे गोळीचा उपयोग होतो, त्रासही होतो, आणि 'नवीन म्हणजे भारी' हे जे आम्ही दारोदार सांगत फिरलो त्यात हवा बरीच होती. भावाला हे असंच सांगा. मग त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्याच्या तोंडून विचारू द्या, "डोस कमी होईल का? वजन वाढतंय, दुसरी गोळी आहे का?" हा प्रश्न विचारल्यावर चिडतील ते डॉक्टर बदला.

आता साहेबांचं. त्यांच्या जागी मी होतो, म्हणून सांगतो.

वीस-बावीस वर्षांमागे आमच्या कंपनीनं एक नवीन गोळी काढली. वरून फर्मान आलं की नुसत्या डॉक्टरांच्या भेटी पुरे नाहीत, रुग्णांच्या घरच्यांचे मेळावे घ्या. मी सोलापूरच्या पूर्व भागात हॉल घेतला. पाठीमागे निळा बॅनर, त्यावर हसरं कुटुंब, खाली कोपऱ्यात आमचं बोधचिन्ह. पत्रकं माझ्याच हातची वाटलेली. त्यात लिहिलं होतं, मधुमेहात जसं इन्सुलिन कमी पडतं तसं मेंदूत एक रसायन कमी पडतं, ते गोळी भरून काढते. तेव्हा मला ते पाठ होतं आणि खरंही वाटायचं. मेंदूचं गणित इतकं सरळ नाही, हे पुढं कळलं. पण पत्रकाला सरळ गणित लागतं, आणि त्या गणितात उत्तराच्या जागी आमची पट्टी बसायची.

कार्यक्रम झकास झाला. दीडशे माणसं. शेवटी एक विडी कामगार बाई पुढं आली, सोबत विशीतला मुलगा. बोटांच्या टोकांना तंबाखूचा काळपट रंग. घरी तेलुगू बोलणारी, माझ्याशी तोडकं मराठी. मी दोन सॅम्पल पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या. तिनं त्या उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, "साहेब, ह्ये संपल्यावर काय करायचं वो?" मी मेडिकलचं नाव सांगितलं. किंमत सांगितली नाही. तिनं विचारली, तेव्हा सांगावी लागली. तिनं मनातल्या मनात विड्या मोजल्या असणार. एक पट्टी म्हणजे तिच्या तीन-चार दिवसांच्या वळलेल्या विड्या. मुलगा आधी सिव्हिलमधून मिळणाऱ्या जुन्या गोळीवर बरा होता, हे मला नंतर समजलं. माझ्या कार्यक्रमाला आल्यामुळं तिला ती गोळी 'जुनी' वाटायला लागली. नवी परवडली नाही, जुनी सोडली. पुढच्या दिवाळीत त्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्यावं लागलं.

त्या मेळाव्याबद्दल मला बक्षीस म्हणून मनगटी घड्याळ मिळालं होतं. चालतंय अजून.

अमेरिकेतल्या ज्या भानगडी तुमच्या भावानं वाचल्या, त्या बऱ्याचशा खऱ्या आहेत. तिथं 1979 साली रुग्णांच्या घरच्यांनी 'नॅमी' नावाची संघटना काढली, तुमच्यासारख्याच माणसांनी. तीस वर्षांनी ग्रासली नावाच्या सिनेटरनं हिशेब मागितला, तेव्हा निघालं की 2006 ते 2008 या तीन वर्षांत तिला औषध कंपन्यांकडून सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर आले होते. देणग्यांतला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा. त्याच्याही आधी एका बड्या कंपनीचा अधिकारी संघटनेच्या कार्यालयात बसून काम करायचा, पगार कंपनीचा. तिकडची राज्य सरकारं खर्च आवरायला महागड्या औषधांवर बंधनं आणू बघत होती. त्याविरुद्ध आवाज कसा उठवायचा, याचा सल्ला कंपन्या या संघटनेला देत होत्या. मंत्र्यापुढं जाऊन रडणारी आई खरी, तिचं दुःख खरं. तिच्या हातातल्या कागदावर काय मागायचं, हे मात्र दुसरीकडं ठरायचं.

टेक्सासमध्ये तर सरळ सरकारी दवाखान्यांसाठी नियमावली बनली, कोणत्या आजाराला आधी कोणती गोळी द्यायची याची. नव्या, महाग गोळ्या वरच्या पायरीवर. त्या बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा त्या कामात होता. तीच नियमावली पेनसिल्व्हेनियात आली, तेव्हा तिथल्या ॲलन जोन्स नावाच्या सरकारी तपासनिसानं सरकारी विभागाच्या एका बँक खात्यावर कंपन्यांचे पैसे येताना बघितले आणि बोंब मारली. नोकरी गेली त्याची. शेवटी जानेवारी 2012 मध्ये त्या कंपन्यांतल्या जॉन्सन अँड जॉन्सननं टेक्सासशी 15 कोटी 80 लाख डॉलरवर तडजोड केली. पुढच्या वर्षी रिस्परडाल (मूळ औषध रिस्पेरिडोन) आणि इतर औषधांच्या विक्रीवरून 220 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. भावाच्या चिठ्ठीवर रिस्पेरिडोन असेल तर घाबरू नका, औषध तेच आहे आणि कित्येकांना लागू पडतं. खटले विक्रीच्या पद्धतीवरून होते.

आता तुमच्यापुढचा तो टाइप केलेला कागद घ्या. नवीन इंजेक्शन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रोज गोळी घ्यायला कटकट करणाऱ्या पोराच्या आईला ते वरदान वाटतं. पण कागदात काय नाही ते वाचा. फ्लुफेनाझिनचं जुनं इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं असतं, नव्याच्या मानानं फार स्वस्त, त्याचा त्यात उल्लेख आहे का? क्लोझापिन, बाकी गोळ्या हरल्यावर लागू पडणारी, तिला नियमित रक्ततपासणी लागते. ती तपासणी फुकट व्हावी, ही मागणी आहे का? लिथियम घ्या. मूड वर-खाली जाणाऱ्या आजारावर 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला. इतकं स्वस्त की माझ्या बॅगेत ते तळाला पडलेलं असायचं. सत्तावीस वर्षांत लिथियमचं टार्गेट कधी मिळालं नाही की त्याच्या नावानं एक मेळावा झाला नाही. समुपदेशकाचं पद भरा, रोजगाराचं बघा, असं म्हणणारा स्पॉन्सर तर मी बघितलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, त्यांच्या नोंदणीच्या फॉर्मची. तुम्ही लिहिलं नाही, पण असणार. नाव, मोबाइल, डॉक्टर कोण, गोळी कोणती. मेडिकलच्या काउंटरला टेकून कोणता डॉक्टर काय लिहितो हे टिपायला मला आठवडा लागायचा. तुमची माणसं ते एका सकाळी हसत भरून देतात. तो फॉर्म अजिबात भरू नका. नावं ठेवायचीच तर तुमच्या वहीत ठेवा, आणि आजाराचा रकाना आखू नका.

पैसे घ्यावेत का? माझं मत, नको. पंधरा घरं आहात, घरटी शंभर रुपये काढले तर 1,500 होतात. वाचनालयाची खोली आहेच. चहा आणि शेंगाची चटणी-भाकरी त्यात बसते, टोप्या बसत नाहीत, टोप्यांवाचून अडतही नाही. तुमच्यातल्या काहींना पटणार नाही, भांडण होईल. मग निदान एवढं धरा : बॅनरवर औषधाचं नाव नको, वक्ता तुम्ही बोलवायचा, किती पैसे आले ते माइकवरून सांगायचं आणि निवेदनाला त्यांचा हात लागू द्यायचा नाही. या अटी ऐकून साहेब परत आले नाहीत, तर उत्तर मिळालं.

निवेदन तुम्हीच लिहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 आधी वाचून घ्या. सरकारनं आवश्यक औषधांची यादी जाहीर करायची आणि त्यातली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मानसिक रुग्णाला सदासर्वकाळ फुकट द्यायची, असं त्यात आहे. आपल्याकडं ती पायरी म्हणजे तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. तेव्हा पहिली मागणी ही, की गोळीसाठी कुणाला अक्कलकोटहून वा मंगळवेढ्याहून एसटी करून सोलापूर गाठावं लागू नये. पुढच्या दुसऱ्या रविवारी प्रत्येकानं मागच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या आणायच्या. कोणती गोळी कितीदा बाहेरून आणावी लागली, एका कागदावर टिपायचं. असा स्वतःचा हिशेब असलेला कागद साहेब लोक बाजूला टाकू शकत नाहीत. नवीन इंजेक्शनही हवंसं वाटलं तर लिहा की, पण यादीत त्याच्या नंबरावर.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन, घड्याळ, कॅलेंडर सगळं औषध कंपन्यांचं. यावर काही कायदा आहे की नाही?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नियम आहेत. डॉक्टरांनी भेटवस्तू घेऊ नये, हे त्यांच्या परिषदेनं 2009 मध्येच घातलं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या फुकट वस्तूंचा खर्च कंपनीला आयकरात वजा करता येणार नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राची नवी आचारसंहिता आली. भेटी नाहीत, परदेशातल्या परिषदा नाहीत, माहितीपर वस्तू 1,000 रुपयांच्या आतली. मुख्य रोख कंपनी आणि डॉक्टर यांच्यातल्या देवाणघेवाणीवर आहे, वरच्या ताईंच्या गटासारख्यांना दिलेल्या पैशांवर नाही.

पेनाचं मी फार मनावर घेत नाही. माझी स्वतःची चार अजून घरात आहेत, एकही धड उठत नाही. चिठ्ठी घेताना डॉक्टरांना गोळीच्या मूळ औषधाचं नाव खाली लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारून या.

प्रश्न : रात्री-अपरात्री घरात कुणाला फारच त्रास झाला आणि डॉक्टर फोन उचलत नसतील तर?
– विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : 14416, टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. जिवाला धोका दिसत असेल तर बोलत बसू नका, रिक्षा काढा आणि सिव्हिल गाठा. चालू गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात टाकून न्या, तिथल्या डॉक्टरला पहिल्यांदा तीच लागते.