लेबलाऐवजी आज्ञाच छापल्या जात असतील तर

वरुडच्या संत्रा पॅकिंगमध्ये उबंटू या लिनक्स प्रणालीच्या संगणकाला जोडलेल्या लेबल प्रिंटरवर पीआरएन फाइल (प्रिंटरसाठीच्या तयार आज्ञांची फाइल) पाठवली की बारकोडाऐवजी ‘साइझ’, ‘गॅप’, ‘प्रिंट’ अशा ओळीच उमटतात, असे आपण लिहिले आहे. यात प्रिंटरचा दोष नाही. कप्स ही लिनक्समधील मुद्रणव्यवस्था आलेल्या फाइलचा प्रकार आधी ओळखू पाहते आणि त्याप्रमाणे तिला फिल्टरकडे, म्हणजे फाइलचे रूप बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, सोपवते. टीएसपीएल या लेबल प्रिंटरच्या आज्ञाभाषेतील फाइल साध्या अक्षरांतच लिहिलेली असल्यामुळे कप्स तिला साधा मजकूर समजते, आणि ‘टेक्स्टटूपीडीएफ’ हा फिल्टर प्रिंटरने पाळायच्या आज्ञांचेच इमानेइतबारे पान मांडून देतो.

म्हणून फाइलला हात लावू नये, एवढेच कप्सला सांगायचे आहे. ‘एलपी -डी रांगेचे-नाव -ओ रॉ फाइल’ अशी आज्ञा द्यावी; रांग म्हणजे कप्समध्ये नोंदवलेला प्रिंटर. ‘एलपीआर -एल’ नेही तेच साधते. (येथे नागरीत लिहिलेल्या आज्ञा टर्मिनलवर इंग्रजीच्या लहान अक्षरांत टंकाव्यात.) ‘एलपीअॅडमिन’ ला ‘-एम रॉ’ देऊन कायमची कच्ची रांगही करता येते, परंतु ती करताना कप्स स्वतःच इशारा देते की अशा रांगा पुढे एखाद्या आवृत्तीत चालेनाशा होतील. शिवाय त्या रांगेवर कोणी चुकून पीडीएफ पाठवली, तर लेबलांचे अख्खे रोल अगम्य अक्षरांत जाऊ शकतात. त्यामुळे माझे मत नेहमीच्या रांगेवर दर वेळी ‘-ओ रॉ’ देण्याकडे झुकते.

हिंगणघाटजवळच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींची लेबले मी याच पद्धतीने काढतो. तेथील अनुभवावरून सांगतो, की एवढे करूनही प्रिंटर गप्प राहिला तर फाइलची शेवटची ओळ पाहावी. टीएसपीएलची प्रत्येक आज्ञा सीआर-एलएफ या, ओळ संपल्याचे सांगणाऱ्या, अदृश्य चिन्हांच्या जोडीने संपावी लागते, तर लिनक्सच्या एडिटरमध्ये लिहिलेल्या ओळीच्या शेवटी केवळ एलएफ असतो. आणि ‘प्रिंट १,१’ नंतर एंटरच दिलेला नसेल, तर आज्ञा पूर्ण होण्याची वाट पाहत प्रिंटर तसाच थांबून राहतो. ‘युनिक्सटूडॉस’ (unix2dos) ने ओळींचे शेवट बदलता येतात, मात्र फाइलमध्ये बिटमॅप असेल तर ते वापरू नये, कारण चित्राच्या बाइटांमध्येही ढवळाढवळ होऊ शकते.

पेटीवर शेतकऱ्याचे नाव मराठीत हवे असेल, तर ते फाइलमध्ये सरळ लिहून भागणार नाही. कच्च्या मार्गात बाइट जसेच्या तसे जातात, आणि प्रिंटरच्या अंगभूत फाँटमध्ये देवनागरी, त्यातही जोडाक्षरे, सहसा नसतात. नावाचे काळे-पांढरे चित्र करून ते टीएसपीएलच्या ‘बिटमॅप’ आज्ञेने पाठवणे हाच भरवशाचा उपाय आहे. कागदाचा आकार किंवा आडवे-उभे हे पर्यायही प्रिंटच्या खिडकीत निवडून उपयोग नाही. ते फाइलमध्येच असावे लागतात.

आपल्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून एक सूचना. छपाई मध्येच तुटली की रांग बंद पडू शकते. ‘कप्सएनेबल’ ने ती पुन्हा सुरू केल्यावर अर्धवट राहिलेले काम पहिल्यापासून छापले जाते, आणि एकाच अनुक्रमांकाची दोन लेबले हाती येतात. त्यामुळे मोठा लॉट एका फाइलमध्ये न घालता तुकड्यांनी पाठवावा, आणि रांग सुरू करण्याआधी अडकलेले काम ‘कॅन्सल’ आज्ञेने काढून टाकून उरलेल्या क्रमांकांची फाइल नव्याने तयार करावी.