वाचकांचे प्रश्न: चिमणीतून धूर दिसत नाही, मग गॅस जातो कुठे?

चंद्रपूरहून एका ताईंनी विचारलंय: औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून काही दिवस धूर दिसतच नाही. त्या दिवशी प्रदूषण नसतं असं समजायचं का?

नाही ताई, आणि हा गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. धूर म्हणून आपल्याला जे दिसतं ती मुख्यतः राख असते. आपल्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा तरी राखच असते, ती चिमणीत जायच्या आधी विजेचा भार दिलेल्या पत्र्यांवर चिकटवून पकडतात, ती यंत्रणा नीट चालू असली की नव्व्याण्णव टक्क्यांवर राख तिथेच अडकते आणि चिमणी स्वच्छ दिसते. पण कोळसा जळला की निघणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास, तो कुठल्याच पत्र्याला चिकटत नाही. धूर दिसो न दिसो, जेवढा कोळसा जळला त्या प्रमाणात तो बाहेर जाणारच.

दुसरं म्हणजे ते कमरेत बारीक असलेले मोठे मनोरे, ज्यातून पांढरे ढग निघतात आणि बातम्यांमध्ये प्रदूषण म्हणून ज्यांचा फोटो लावतात, ते कूलिंग टॉवर आहेत, त्यातून पाण्याची वाफ निघते. खरा गॅस शेजारच्या उंच बारीक चिमणीतून जातो आणि फोटोत काहीच येत नाही.

आता आकडा बघा. चंद्रपूरची क्षमता 2920 मेगावॅट. सगळे संच पूर्ण ताकदीनं चालले तर तासाला 29 लाख युनिटच्या वर वीज तयार होते, एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा धरला तर तासाला दोन हजार टन कोळसा, म्हणजे दोन तासांत एक अख्खी मालगाडी रिकामी. आणि त्यातून तासाला तीन हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या उष्णतेतली जेमतेम 35 ते 40 टक्के विजेत उतरते, बाकीची त्या कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून निघून जाते, म्हणून एवढा कोळसा लागतो.

गंधक पकडायची यंत्रणा बसवली की सगळं सुटेल असंही कुणीकुणी म्हणतं. ती यंत्रणा फुफ्फुसांसाठी हवीच, त्यात दुमत नको, पण तिथे चुनखडी वापरतात आणि त्या प्रक्रियेत उलट थोडा कार्बन डायऑक्साइड आणखी निघतो. राख, गंधक आणि हा गॅस, तिघांचा हिशेब वेगवेगळा ठेवायला हवा.

साताऱ्याचे एक शिक्षक विचारतात: 700 ग्रॅम कोळशातून एक किलो गॅस कसा निघेल? मुलांना पटत नाही.

मुलांचा प्रश्न एकदम रास्त आहे सर. जास्तीचं वजन हवेतून येतं. कार्बनचा अणू 12 चा, त्याला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, 16 आणि 16, म्हणजे झाले 44. आपल्या कोळशात कार्बन साधारण 40 टक्के, म्हणजे 700 ग्रॅममध्ये 280 ग्रॅम, त्याला 44 नं गुणा आणि 12 नं भागा, एक किलोच्या थोडं वर उत्तर येतं. फळ्यावर दोन मिनिटांत होतं.

मग त्यांना घरचं वीजबिल आणायला सांगा. देशात पाणी, वारा, सूर्य, अणू सगळं धरून सरासरी काढली तरी एका युनिटमागे 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. महिन्याला 150 युनिट जळत असतील तर शंभर किलोच्या वर झाला. स्वयंपाकाचा 14.2 किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की 42 किलोच्या आसपास निघतो, म्हणजे घरात ज्याचा जाळ कुणाला दिसतच नाही ती वीज दोन सिलिंडरच्याही पुढे गेली.

गडचिरोलीचे एक वाचक: आमच्याकडे चुलीत लाकूड जळतं, त्यातूनही हाच गॅस निघतो. मग कोळशालाच नावं का?

गॅस तोच, पण कार्बन कुठला ते बघायचं. लाकडातला कार्बन झाडानं गेल्या वीस-तीस वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो, आणि तोडलेल्या जागी परत झाड वाढलं तर तो पुन्हा आत जातो. वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुन्या जंगलांचा आहे. तो कार्बन हवेच्या हिशेबातच नव्हता, जमिनीत गाडलेला होता, आपण तो दीडदोनशे वर्षांत वर काढला. कारखाने यायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत या गॅसचे 280 भाग होते, आज 420 च्या वर आहेत. चुलीचा धूर घरातल्या बायकांच्या छातीला वाईटच, ते दुखणं वेगळं आणि तेही मोठं आहे.

पुण्याहून एका कॉलेजच्या मुलीनं विचारलंय: ई-स्कूटर घेतली तरी चार्जिंगची वीज कोळशाचीच ना, मग फायदा काय?

फायदा आहे, निम्म्याचा तरी. एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, गाडी 45 चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला पन्नास ग्रॅम. ई-स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटमध्ये साधारण तीस किलोमीटर धर, म्हणजे युनिटमागच्या त्या 700 ग्रॅमच्या हिशेबानं किलोमीटरला तेवीस-चोवीस ग्रॅम. बॅटरी बनवताना निघालेला गॅस वरून मोजावा लागतो, म्हणून गाडी भरपूर वर्षं वापर. आणि बसनं जाता येत असेल तर अर्थात बस.

जालन्याचे एक शेतकरी: निम्मी वीज आता बिनकोळशाची झाली असं वाचलं. खरं का?

दादा, निम्मी क्षमता झाली, वीज नाही. 2025 मध्ये देशातल्या बसवलेल्या क्षमतेचा अर्धा वाटा कोळसा किंवा नैसर्गिक वायू न जाळणारा झाला, ही मोठीच गोष्ट आहे. पण सोलर पॅनल रात्री बंद, ढगात कमी, आणि कोळशाचा संच रात्रंदिवस चालतो, म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. संध्याकाळी सातला सगळीकडे दिवे, पंखे, एसी एकदम लागतात आणि नेमका तेव्हाच सूर्य नसतो, त्यामुळे कोळशावरचा सगळ्यात मोठा भार त्या वेळचा. ही वेळ भागवायला बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प भरपूर लागतील.

तुमच्या पंपाला मात्र थांबायचं कारण नाही. पाणी दुपारी दिलं तरी चालतं, म्हणूनच सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला दिवसा सोलरची वीज द्यायची आहे. ती तुमच्या फीडरवर आली असेल तर मोटर दिवसाच चालवा, कोळसाही वाचतो आणि रात्री साप-विंचवाच्या भीतीत बारं द्यायला जावं लागत नाही.