‘स्पष्ट करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : मॅडम, मी बारावी कॉमर्सला आहे, सातारा जिल्ह्यातून लिहितेय. सराव परीक्षेत अर्थशास्त्राच्या ‘खालील विधानांशी आपण सहमत आहात किंवा नाही ते सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नात मला प्रत्येक उत्तराला चारपैकी दीड-दोनच मार्क मिळाले. उत्तर पुस्तकातलं होतं, चांगलं पानभर लिहिलं होतं. सर म्हणाले, विचारलंय ते लिहिलं नाहीस. मग विचारलंय तरी काय?

उत्तर : अगं, तुझा अभ्यास झालाय हे तुझ्या पत्रावरूनच कळतंय, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं, कारण पेपर तपासताना अशी उत्तरं मी कितीतरी बघितली, मुलीला सगळं येतंय आणि मार्क देता येत नाहीत.

आता एक गंमत बघ. इंग्रजी पेपरात क्रियापद बदलत जातं, डिफाइन, एक्सप्लेन, डिस्टिंग्विश, जस्टिफाय. आपल्या मराठी पेपरात मात्र शेवटी बहुतेक वेळा एकच येतं, ‘स्पष्ट करा’ नाहीतर ‘लिहा’. फरक स्पष्ट करा, सकारण स्पष्ट करा, सोदाहरण स्पष्ट करा, संकल्पना ओळखून स्पष्ट करा. चार वेगळी कामं आणि क्रियापद तेच! म्हणजे खरी सूचना क्रियापदात नाहीच, ती त्याच्या आधीच्या शब्दात बसलीय, आणि घाईत आपली नजर नेमकी त्याच शब्दावरून घसरते. म्हणून पेपर हातात आला की त्या आधीच्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची. सकारण. फरक. सोदाहरण. थोडक्यात.

तुझाच प्रश्न घेऊ. समजा विधान आहे, ‘मिठाची मागणी लवचीक असते’. तू बहुतेक मागणीच्या लवचिकतेची व्याख्या लिहिली असशील, मग सूत्र, मग पाच प्रकार. सगळं बरोबर आणि सगळं विचारलेल्याच्या बाहेरचं. पहिल्या ओळीत लिही, या विधानाशी मी सहमत नाही. ही ओळच कितीतरी मुलं लिहीत नाहीत, मग तपासणाऱ्याने काय समजायचं? आणि मग लगेच कारणं : मीठ रोज लागतं, त्याला जवळचा पर्याय नाही, घरखर्चात मिठावर जाणारा पैसा अगदी किरकोळ असतो, त्यामुळे किंमत दुप्पट झाली म्हणून कोणी आमटीत अर्धं मीठ टाकत नाही आणि निम्मी झाली म्हणून दुप्पटही टाकत नाही, म्हणून मिठाची मागणी अलवचीक असते. झालं उत्तर. व्याख्या एका ओळीत आली तर चालेल, पण ती कारणाला धरून आली पाहिजे.

‘फरक स्पष्ट करा’मध्येही हेच होतं. डावीकडे सूक्ष्म अर्थशास्त्राची व्याप्ती लिहायची आणि त्याच्यासमोर उजवीकडे स्थूल अर्थशास्त्राचं महत्त्व, असं करून फरक होत नाही गं, त्या दोन वेगवेगळ्या टीपा झाल्या शेजारीशेजारी. एका रांगेत एकच मुद्दा दोन्ही बाजूंना हवा, इकडे व्याप्ती तर तिकडेही व्याप्ती, इकडे किंमत सिद्धान्त तर तिकडे उत्पन्न आणि रोजगाराचा सिद्धान्त.

घरात कोणी दहावीला असेल तर त्यालाही सांग, ‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये कृती लिहायची नसते. लोखंडावर जस्ताचा थर का देतात असं विचारलं की मुलं थर कसा देतात ते लिहून येतात! विचारलेलं असतं ‘का’ : लोखंड हवेतल्या ऑक्सिजन आणि ओलाव्यामुळे गंजतं, थरामुळे ते दोन्ही लोखंडापर्यंत पोचत नाहीत आणि जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्याने आधी त्याचंच क्षरण होतं.

प्रश्न : मी पुण्यात राहून एमपीएससी करतोय. चार वर्षं पर्याय निवडायची प्रॅक्टिस केली आणि आता २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. चर्चा करा, विश्लेषण करा, मूल्यमापन करा, टीकात्मक परीक्षण करा, मी सगळ्याला एकसारखंच उत्तर लिहितो. खरंच फरक असतो का?

उत्तर : असतो रे, आणि मार्क तिथेच जातात. युपीएससीच्या सामान्य अध्ययनाचा पेपर बघ, २० प्रश्न, ३ तास, १० मार्कांना १५० शब्द आणि १५ मार्कांना २५० शब्द. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ९ मिनिटं. एवढ्यात माहिती आठवत बसायला वेळ नाही, प्रश्नाने काय करायला सांगितलंय हे पहिल्या मिनिटात ठरलं पाहिजे.

एकच विषय घेऊन बघू, महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. ‘वर्णन करा’ असेल तर काय होती ते सांग : १९७२ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी, वि. स. पागे यांचा पुढाकार, १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल, पैशासाठी व्यवसाय कर. ‘विश्लेषण करा’ असेल तर तेच सुटं करून जोडून दाखवायचं, शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून गावातल्या मजुराची मजुरी हे गणित कसं बसलं, काम मागायचा हक्क कायद्याने दिल्यामुळे सरकारी यंत्रणेवर काय बंधन आलं. ‘चर्चा करा’मध्ये वेगवेगळ्या बाजू समोरासमोर आणायच्या, योजना दुष्काळातला तात्पुरता आधार होती की गावाची कायमची मालमत्ता उभी करणारी? ‘मूल्यमापन करा’ म्हटलं की आधी निकष सांगायचा आणि मग त्या निकषावर किती उतरली ते.

आणि ‘टीकात्मक परीक्षण’. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण रोजच्या बोलण्यात टीका म्हणजे नावं ठेवणं, मग मुलं पानभर दोषच लिहितात. पण ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो ना? तिथे कोणी गीतेला नावं ठेवलेली नाहीत, उलगडून सांगितलंय. तो जुना अर्थ मनात ठेव. बायकांना मोठ्या संख्येनं काम मिळालं, दुष्काळात माणसं तगली, २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला या अनुभवाचा आधार मिळाला, हे एका बाजूला. मजुरी वेळेवर न मिळणं, खोटी मस्टर म्हणजे मजुरांचे हजेरीपट, निकृष्ट कामं हे दुसऱ्या बाजूला. आणि शेवटच्या दोन ओळीत तुझं मत, ठाम. ‘दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत’ हे मत नव्हे, ते प्लीज लिहू नकोस.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यात शिक्षिका आहे, नवीनच लागलेय. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, ‘विद्यार्थ्यांना प्रकाशसंश्लेषण समजेल’ असं उद्दिष्ट लिहिलं तर मुख्याध्यापकांनी लाल रेघ मारली. यात चूक काय?

उत्तर : ताई, रेघ बरोबर मारलीय. ‘समजेल’ दिसत नाही ना. मूल मान हलवतं, आपण समजलं म्हणून पुढे जातो. उद्दिष्टात असं क्रियापद हवं की मुलाने केलेलं तुम्हाला दिसेल नाहीतर ऐकू येईल. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांच्या पायऱ्या मांडल्या, बीएडला आपण ज्ञान, आकलन, उपयोजन घोकतो ते तिथूनच आलं, आणि २००१ च्या सुधारित मांडणीत तर पायऱ्यांची नावंच क्रियापदं झाली, आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, मूल्यमापन करणं, नवं तयार करणं. ‘समजणं’ त्यात आहे खरं, पण ते पायरीचं नाव आहे, टाचणात त्याच्याखालची कृती लिहायची. ‘प्रकाशसंश्लेषणाला काय काय लागतं ते सांगेल’ ही एक पायरी. ‘झाड दोन दिवस अंधारात ठेवून पानाची स्टार्च ओळखणारी आयोडीन चाचणी केली तर पान निळं-काळं का होणार नाही ते सांगेल’ ही तिच्या बरीच वरची.

फक्त एक सांभाळा. टाचणात ‘तुलना करतो’ लिहिलं तर वर्गात मुलांकडून तुलना करून घ्या आणि घटक चाचणीतही तीच विचारा. वर्गात व्याख्या पाठ करून घ्यायची आणि चाचणीत तुलना विचारायची, हे मुलांवर अन्याय करणारं आहे, मला त्याचा फार राग येतो.

प्रश्न : मुलाची दहावी मराठी माध्यमातून झाली, आता मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. पेपरात डिस्क्राइब आणि एक्सप्लेन येतं, तो म्हणतो एकच आहे. आम्ही घरात कोणी इंजिनिअर नाही.

उत्तर : दादा, इंजिनिअर असायची गरजच नाही. फोर स्ट्रोक इंजिन डिस्क्राइब करायचं असेल तर सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट क्रमाने, प्रत्येकात काय घडतं ते लिहायचं. एक्सप्लेन म्हटलं की त्यात ‘का’ आणि ‘कसं’ येतं, कॉम्प्रेशनला दोन्ही व्हॉल्व्ह बंद का, एका सायकलला क्रँकशाफ्टचे दोन फेरे कसे. डिफाइन, स्टेट दोन मार्कांचं असतं, तिथे दोन ओळी पुरे, पान भरायचं नाही. आणि ‘विथ नीट स्केच’ लिहिलं असेल तर आकृती आधी काढायला सांगा, पेन्सिलने, भागांची नावं घालून, कारण शेवटी काढू म्हणून ठेवलेली आकृती वेळेअभावी राहूनच जाते.