ह्यू लॅटिमर आणि मेणबत्तीचं वाक्य

युवक सभेत सोळाव्या शतकातले इंग्लंडचे प्रोटेस्टंट उपदेशक ह्यू लॅटिमर यांच्यावर बोलायचं आहे, आणि ‘आज आपण अशी मेणबत्ती पेटवू की ती कधी विझणार नाही’ हे ते जाळले जाताना खरंच म्हणाले का, असं तुम्ही विचारलंत. जॉन फॉक्सने हुतात्म्यांचा मोठा ग्रंथ १५६३ साली छापला, त्यात हे वाक्य नाही. १५७० च्या आवृत्तीत ते येतं. म्हणून ‘असं म्हणाल्याचं फॉक्स लिहितो’ एवढंच सांगा.

पण सगळा वेळ त्या वाक्यावर घालवू नका. लॅटिमर लेस्टरशायरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. केंब्रिजला असताना ते धर्मसुधारणेचे, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळीचे, कडवे विरोधक होते. १५२४ मध्ये जर्मन धर्मसुधारक मेलांख्थॉनच्या मतांवर तुटून पडले. ते ऐकणारा, धर्मसुधारणेकडे वळलेला थॉमस बिल्नी नंतर पापकबुलीच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेला आणि स्वतःचा विश्वासच त्यांच्यापुढे उघडा केला. तिथे लॅटिमर बदलले. पुढे दोघं मिळून तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. मला त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यात प्रिय आहे.

त्यांचा उपदेश मातीतला होता. १५४८ च्या नांगराच्या उपदेशात त्यांनी विचारलं, इंग्लंडमधला सर्वांत कष्टाळू बिशप कोण? उत्तर दिलं, सैतान. तो आपला प्रांत सोडून कधी कुठे जात नाही. १५४९ मध्ये अकरा वर्षांच्या राजा सहाव्या एडवर्डसमोर त्यांनी बापाच्या शेताचा हिशेबच मांडला. वर्षाचा खंड फार तर तीन-चार पौंड, त्यात सहा गडी पोसले जात, आई तीस गाईंची धार काढायची, दारी आलेला गरीब रिकाम्या हाती जात नसे. आता तिथला कूळ सोळा पौंड भरतो आणि गरिबाला पेलाभर प्यायलाही देऊ शकत नाही. जमीनदार दरबारी समोर बसलेले असताना हे बोलले! हा भाग वाचूनच दाखवा. खंड वाढला की घराचं काय होतं, हे आपल्या शेतकरी घरांतल्या पोरांना समजावावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र गाळू नका. मे १५३८ मध्ये स्मिथफील्डला जॉन फॉरेस्ट या कॅथलिक संन्याशाला साखळ्यांनी टांगून जाळलं, तेव्हा तिथे उपदेश करणारे वुस्टरचे बिशप लॅटिमरच होते. हे वाचून मला फार दुःख झालं होतं, पण ते लपवलं तर सांगितलेलं चरित्र खरं राहत नाही.

कॅथलिक मेरी राणी गादीवर आल्यावर त्यांना अटक झाली. मिस्सातली (कॅथलिक उपासनेतली) भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, हे त्यांनी मान्य केलं नाही. १६ ऑक्टोबर १५५५ रोजी ऑक्सफर्डमध्ये बेलियल कॉलेजसमोर त्यांना दुसरे प्रोटेस्टंट बिशप निकोलस रिडलींसोबत खांबाला बांधलं. अंगावरचा जुना झगा उतरवला तर आत पायघोळ नवं कफन होतं. लवकर मरण यावं म्हणून रिडलींच्या मेहुण्याने दोघांच्या गळ्यात बंदुकीच्या दारूच्या पिशव्या बांधल्या.

लॅटिमर लवकर गेले. रिडलींच्या बाजूला लाकडं दाटीने रचली होती, ज्वाळा वर चढेना. पाय जळून गेले तरी त्यांचा जीव जात नव्हता. मेणबत्तीचं वाक्य सांगाल तेव्हा हेही सांगा, कारण ते वाक्य रिडलींनाच उद्देशून होतं.