बेसिस्ट चालला म्हणून बँड संपत नाही

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, मग व्हॉइस नोट पण ऐकली. बेसिस्ट मास्टर्सला जर्मनीला चाललाय, ड्रमरला कंपनी बेंगळुरूला पाठवतेय, आणि तू म्हणतेस की ताई, पाचातले दोन गेले म्हणजे हा आपला रॉक अँड रोलचा बँड राहिलाच नाही, तेच नाव लावून स्टेजवर जायचं म्हणजे लोकांना फसवल्यासारखं वाटतं. बाकीचं सगळं ठीक आहे पण हे शेवटचं मला अजिबात पटलं नाही, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहून पाठवतेय, निवांत वाच.

पुण्यात बँड चालवायचा म्हणजे जून ते सप्टेंबर माणसं जाणार हे धरूनच चालायचं. कुणाची अमेरिकेची अ‍ॅडमिशन होते, कुणाचा व्हिसा येतो, कुणाचं प्रोजेक्ट हलतं, कुणाचं लग्न ठरतं आणि मग रविवारची तालीम पहिली सुटते. यात कुणी कुणाला दगा दिलेला नसतो. तुझ्या व्हॉइस नोटमध्ये बेसिस्टबद्दल जो राग होता तो जरा बाजूला ठेव, पोरगा दोन वर्षं नेमाने येत होता तुझ्याकडे, त्याने आता त्याचं बघायलाच पाहिजे.

आता तू ज्यांची गाणी वाजवतेस त्यांचंच बघ. 1952 च्या 31 डिसेंबरला ईस्ट सेंट लुईसमधल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये जॉनी जॉन्सन नावाच्या पियानोवाल्याचा तीन माणसांचा बँड वाजवणार होता आणि ऐनवेळी त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला. थर्टीफर्स्टच्या रात्री दुसरा सॅक्सवाला कुठून मिळणार? मग जॉन्सनने एका ओळखीच्या गिटारवाल्याला बोलावलं. तो म्हणजे चक बेरी. तुम्ही ज्याच्या गाण्यांवर अर्धा सेट काढता तो माणूस या बँडमध्ये आला तोच बदली म्हणून, आणि तोही सॅक्सच्या जागी गिटार घेऊन! जॉन्सन सॅक्सवाल्याची कॉपी शोधत बसला असता तर काय झालं असतं याचा विचार कर.

आणि लोक ज्याला ओरिजिनल म्हणतात तो रेकॉर्ड तरी कुठे एका ठरलेल्या लाइनअपचा असतो? ‘रॉक अराउंड द क्लॉक’ एप्रिल 1954 मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालं. त्यातला तो गिटार सोलो, जो तुमचा लीड गिटारिस्ट आरशासमोर उभा राहून बसवतो, तो वाजवलाय डॅनी सेड्रोनने, आणि सेड्रोन बिल हेलीच्या बँडचा कायमचा मेंबर नव्हताच, सेशनपुरता, म्हणजे रेकॉर्डिंगपुरता यायचा. ड्रम्सवर पण त्या दिवशी सेशनचाच माणूस होता, बिली गुसॅक. सेड्रोन त्याच वर्षी जूनमध्ये जिन्यावरून पडून वारला, म्हणजे हे गाणं जगभर गाजलं ते त्याला बघायलाच मिळालं नाही, मला हे दरवेळी आठवलं की वाईट वाटतं. पुढे स्टेजवर तो सोलो फ्रॅनी बीचर वाजवायला लागला आणि लोक नाचतच राहिले. तेव्हा फसवणूक वगैरे मनातून काढून टाक.

मग टिकवायचं काय, तर गाण्याच्या आतली कामं टिकवायची. इथे बरेच बँड चुकतात. जुना बेसिस्ट जातो, नवा येतो, त्याला मागच्या गिगचा, म्हणजे कार्यक्रमाचा, मोबाइलवरचा व्हिडिओ पाठवतात आणि सांगतात की असंच वाजव. त्या व्हिडिओत जुन्या बेसिस्टने स्वतःच्या सोयीने काही सोडलेलं असतं, काही घुसवलेलं असतं, नवा ते सगळं उचलतो आणि वर आपलं थोडं घालतो, आणि असे तीन बेसिस्ट झाले की मूळ गाण्यातलं फारसं काही शिल्लक राहत नाही. हे मी आपल्या इथल्याच बँडमध्ये होताना बघितलंय. नाटकवाले यात आपल्यापेक्षा शहाणे, बदली नट आला की आधी त्याच्या हातात संहिता देतात. तू नव्या माणसाला रेकॉर्ड दे, हेडफोन लावून एकट्याने आठवडाभर ऐकू दे, आणि जुन्याचा व्हिडिओ दाखवायचाच असेल तर नंतर दाखव, तो पण फक्त थांबे आणि शेवट कसे घेता एवढं कळण्यापुरता.

बेसचंच घे. हेलीच्या त्या रेकॉर्डवर उभा बेस आहे, मार्शल लिटल तार ओढून सोडतो आणि ती फिंगरबोर्डवर आपटून टकटक येते, म्हणजे बेस आणि अर्धा ड्रम एकाच माणसाच्या हातात. तुझ्याकडे येणारा नवा मुलगा बहुतेक मेटल वाजवून आलेला असणार, पाच तारांचा बेस घेऊन येईल, प्रत्येक स्वर लांबवेल आणि गाणं चिखलात बसेल. त्याला बेस बदल म्हणू नकोस, बिचाऱ्याकडे एकच असतो. ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे खालच्या टोकाला टेकतात तिथे, तारांच्या खाली साध्या स्पंजचा तुकडा दाबून बसवायला सांग आणि पिकने वाजवायला लाव. स्वर पटकन मरतो, ठोका पुढे येतो, आणि त्याला आपोआप कळतं की इथे आपलं काम काय आहे ते. पाच मिनिटांचं काम आहे पण सगळा बँड उजळतो.

ड्रमरचं प्रकरण जास्त नाजूक आहे. चक बेरीचं ‘जॉनी बी गुड’ नीट ऐक, नुसतं हाय-हॅट (ड्रमरच्या त्या दोन झांजा) आणि गिटार यांच्याकडे लक्ष देऊन. गिटार सरळ ठोक्यात चाललीय आणि ड्रमर फ्रेड बिलो हा जॅझच्या वळणाचा माणूस, तो आत थोडं झुलवतोय, म्हणजे ठोके एकसारखे न ठेवता लांब-आखूड करतोय. दोघं एकमेकांना पूर्ण मिळत नाहीत आणि त्या ओढाताणीतच त्या गाण्याची सगळी मजा आहे. लिटल रिचर्डकडे उलटं झालं, त्याचा पियानोवरचा उजवा हात असा सरळ धडाधड चालायचा की अर्ल पामरसारखा झुलवणारा ड्रमर पण सरळ वाजवायला लागला. आताची मुलं क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या टकटकीवर शिकतात, एक तर सगळं सरळ करतात नाहीतर सगळं झुलवतात. म्हणून ऑडिशनला फास्ट गाणं देऊच नकोस, फास्टमध्ये सगळं लपतं. मध्यम लयीत साधे बारा बार (ब्लूजचं नेहमीचं आवर्तन) दे, सोलो नाही, गाणं नाही, पाच मिनिटं नुसतं चालू ठेव म्हणावं, तू फक्त रिदम गिटार धर. ज्याला तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येऊन रोल मारावेसे वाटतात तो कितीही तयारीचा असला तरी या संगीताचा नाही. जो पाचव्या मिनिटाला गालातल्या गालात हसत असेल त्याला लगेच घे.

आणि पट्टीचं. ‘जॉनी बी गुड’ बी फ्लॅटमध्ये आहे. गिटारवाले सोयीसाठी ते ए मध्ये आणतात. चक बेरीची कितीतरी गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्यांत आहेत, या पियानो आणि सॅक्सच्या सोयीच्या पट्ट्या, जॉनी जॉन्सनच्या हाताखालच्या. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनेही हेच बोलून दाखवलंय. मी पियानोवाली असल्यामुळे मला हे जरा जास्तच लागतं, पण खरंच सांगते, ते गाणं ए मध्ये ऐकलं की त्याची चमक अर्धा सूर खाली उतरते. लाइनअप बदलताना प्रत्येक नवा माणूस म्हणेल की माझ्यासाठी पट्टी बदला, गायकासाठी बदल, गळ्याला त्रास नको, पण बोटांसाठी बदलू नकोस.

चक बेरी पुढे पुढे कायमचा बँड घेऊन फिरायचाच नाही हे तुला माहीत असेल. एकटा गिटार घेऊन गावात यायचा, आयोजकाने तिथलीच पोरं उभी करायची, तालीम नाही, सेटलिस्ट नाही. 1973 ला मेरीलँडमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याच्या बँडने अशी साथ केली होती, कुठली गाणी वाजवायची विचारलं तर चक बेरीची, एवढंच उत्तर मिळालं म्हणे. सगळ्या गावांत ते जमायचं असं नाही, बऱ्याचदा वाईट वाजायचं, पण मुळात शक्य होतं, कारण ती गाणी सगळ्यांच्या हातात होती. तुझ्या सेटमधली वीस गाणी पुण्यातल्या आणखी दोन ड्रमर आणि दोन बेसिस्टच्या हातात असायला हवीत, आजच, गरज पडायच्या आधी. जून 1964 मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो टॉन्सिलने आजारी पडला आणि त्यांनी जिमी निकोलला ऐनवेळी घेऊन डेन्मार्क, नेदरलँड्स, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया केलं. तो का चालला? कारण त्याने आधीच एका स्वस्तातल्या रेकॉर्डसाठी बीटल्सचीच गाणी वाजवलेली होती. जॉर्ज हॅरिसनला रिंगोशिवाय जायचं नव्हतं, त्याची घालमेल मला समजते, तुझी पण तीच चाललीय. बदलीवाल्यांना मात्र वर्षातून एखाद्या गिगला खरोखर बोलाव आणि पूर्ण मानधन दे, नुसता नंबर सेव्ह करून माणूस आपला होत नाही.

ड्रमर मिळेपर्यंत एखादा महिना रिकामा गेलाच तर गिग रद्द करू नकोस. एल्विसने सन रेकॉर्ड्ससाठी 1954 ला जे पहिलं गाणं केलं त्यात ड्रम्सच नाहीत, त्याची गिटार, स्कॉटी मूरची गिटार आणि बिल ब्लॅकचा बेस, बस्स. एखाद्या कॅफेत तेवढ्यावर सुंदर होईल, आवाजाच्या तक्रारी पण येणार नाहीत.

पैशाचं बोलायला तुला संकोच वाटतो हे मला माहितीये, पण बोल. हेलीचे तीन वादक, ड्रमर, बेसिस्ट आणि सॅक्सवाला, 1955 मध्ये ऐन भरात असताना सोडून गेले ते पगारावरून. मागितलेली वाढ मिळाली नाही, मग त्यांनी जोडिमार्स नावाचा स्वतःचा बँड काढला. जॉनी जॉन्सनने चक बेरीवर गाण्यांच्या श्रेयासाठी केस केली ती 2000 साली, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं मनात ठेवून, आणि फार उशीर झाला म्हणून कोर्टाने ती ऐकलीच नाही. तुमचा बँड छोटा असला तरी धुसफूस तीच असते. नाव कुणाचं, इन्स्टाचा पासवर्ड कुणाकडे, कॉमन फंडातून घेतलेला तो अँप कुणाचा, जाणाऱ्याला त्यातलं काय मिळणार, हे ग्रुपवर सरळ शब्दांत टाक आणि सगळ्यांचं ओके घे. मला एका बँडलीडरने सहा महिन्यांचे पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणून लटकवलं होतं, पैसे शेवटी आले पण मी परत त्याच्यासोबत वाजवलं नाही.

एक आपल्या जवळचं उदाहरण देते, वाटल्यास मुलांना सांग. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकाच्या शेवटी पोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड होता, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड असलीच गाणी वाजवायचे. त्यात फारुख बलसारा पियानोवर होता, गायला पुढे दुसराच मुलगा उभा असायचा. हाच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, क्वीन बँडचा गायक. म्हणून नवीन लाइनअप बसवताना प्रत्येकाला एकदा तरी गाऊन बघायला लाव, तुझ्या सॅक्सवाल्याचा आवाज मी ऐकलाय, मधल्या दोन गाण्यांना तो पुढे यायलाच हवा.

आता पुढचे दोन महिने. बेसिस्ट जायच्या आधीची जी गिग आहे त्यात दोन्ही बेसिस्ट ठेव, पहिला सेट जुना वाजवेल, दुसरा नवा, आणि मधल्या ब्रेकमध्ये जुन्याला नव्याच्या सेटिंग्जवर नजर टाकायला सांग. स्टेजवरून त्याचं नाव घे, नीट, घाईत नाही. त्याचे पैसे त्याच रात्री जीपे कर आणि अँपमधला त्याचा हिस्सा पण. ऑडिशन रविवारी सकाळी अकराला ठेव, कोथरूडच्या त्या जॅमपॅडमध्येच, तिथला पियानो बरा आहे, मी येते. कोण कोण येणार त्याची यादी आणि तुमची सध्याची सेटलिस्ट, प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून, शुक्रवारपर्यंत पाठव.

ताई