शाळेत आठवीपासून जर्मन: मुलीला घालावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत, तालुक्याची अनुदानित मराठी शाळा, पुढच्या वर्षी एक संस्था जर्मनसाठी शिक्षक देणार, तर संस्कृत सोडून तिकडे जावं का आणि तिला ते झेपेल का. मी पुण्यात अकरावी-बारावीला जर्मन शिकवतो, त्यामुळे ‘घ्या’ म्हणण्यात माझा स्वार्थच आहे. तरी सांगतो, झेपेल का ही काळजी बाजूला ठेवा. आधी मुख्याध्यापकांना विचारा की संस्थेचा करार किती वर्षांचा आहे आणि जर्मनचे तास वेळापत्रकात कुठे बसणार आहेत.

हे विचारायला का सांगतोय, ते केंद्रीय विद्यालयांत घडलं त्यावरून कळेल. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेनं जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटशी, म्हणजे आपल्याकडच्या माक्स म्युलर भवनाशी, करार केला. सहावी ते आठवीत तिसरी भाषा म्हणून संस्कृतच्या जागी जर्मन घेता येऊ लागलं. हजारो मुलांनी घेतलं आणि आवडीनं घेतलं. २०१४ मध्ये कराराचं नूतनीकरण करायची वेळ आली, तेव्हा आक्षेप निघाला की त्रिभाषा सूत्रात तिसरी भाषा भारतीयच असायला हवी. आक्षेप नियमाला धरून होता, फक्त तो २०११ मध्येच कुणाला तरी सुचायला हवा होता! नोव्हेंबरात, निम्मं वर्ष उलटल्यावर, जर्मन काढून मुलांना संस्कृतच्या वर्गात बसवायचा निर्णय झाला. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी सरकारला सांगावं लागलं की यंदा त्या मुलांची संस्कृतची परीक्षा होणार नाही. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी ब्रिस्बेनच्या जी-२० परिषदेत पंतप्रधानांकडे हा विषय काढला होता, इतकं ते गाजलं. पुढच्या वर्षी जर्मनला ‘अतिरिक्त परदेशी भाषा’ म्हणून जागा मिळाली.

यात मुलांचं किंवा भाषेचं काहीच चुकलं नव्हतं. सरकारी शाळेत परदेशी भाषा टिकते की नाही, हे मंजूर पद आणि विषययोजनेतली जागा यांवर ठरतं. संस्थेचा शिक्षक निधी आहे तोवर येतो. करार एका वर्षाचा असेल, तर नववीत मुलगी अधांतरी राहील. संस्कृत सुटलेलं आणि जर्मनला शिक्षक नाही! आठवी, नववी, दहावी अशी तिन्ही वर्षं शिक्षक देण्याचं लेखी असेल तरच संस्कृत सोडायचा विचार करा. तास शाळा सुटल्यावर होणार असतील तर काही सोडायचा प्रश्नच नाही, बिनधास्त घाला.

दुसरी गोष्ट तासांची. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका धरल्या तर सुट्ट्या वगळून वर्षाला चाळीसेक तास हाती लागतात. ए१ या पहिल्या पायरीला साधारण शंभर तास तरी लागतात. म्हणजे दहावी होईपर्यंत ती स्वतःची ओळख करून देईल, बाजारहाट आणि वेळ-वार बोलेल, छोटा ईमेल लिहील. शाळकरी वयासाठी ‘फिट इन डॉइच’ नावाची वेगळी परीक्षा असते, ती देता येईल. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ‘जर्मन आलं की नोकरी’ असं गावोगाव ऐकू येतंय. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला बी२ पातळी, म्हणजे सहांपैकी चौथी पायरी, लागते. ए१ पासून तिथवरची वाट बरीच लांब आहे. शाळेतल्या जर्मनकडून तेवढी अपेक्षा धरू नका.

आता झेपण्याचं. मराठी मुलांना तीन लिंगं आणि विभक्ती नव्या नसतात. माझ्या वर्गात संस्कृत करून आलेली मुलं द्वितीया-चतुर्थीचा फरक पटकन पकडतात. मुलं अडतात ती जर्मन इंग्रजीतून शिकवल्यामुळे. पुस्तकातले अर्थ इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, मग पोराला एका भाषेऐवजी दोन भाषांशी झगडावं लागतं. येणारा शिक्षक मराठीतून समजावणार आहे का, हेही विचारून घ्या.

खेड्यातल्या मुलांना परदेशी भाषा जमत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण द्या. २०१९ मध्ये तिथे कोणती भाषा शिकायची हे मुलांनाच विचारलं. त्यांना रोबोटिक्सची ओढ, म्हणून त्यांनी जपानी निवडली. शहरातल्या एका जाणकारानं ती विनामूल्य शिकवली. टाळेबंदीत ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता ती मुलं शिकून इतरांना शिकवत होती.

शाळेकडून उत्तरं समाधानकारक आली नाहीत तर संस्कृतच राहू द्या. जर्मन अकरावीतही शून्यापासून सुरू करता येतं, माझ्याकडची बहुतेक मुलं तशीच येतात. फक्त प्रवेशाच्या वेळी लक्ष ठेवा. इंग्रजीनंतरच्या दुसऱ्या भाषेच्या जागी बरीच मुलं गुणांसाठी आयटी घेतात, आणि एकदा ते घेतलं की त्या जागेवरचं जर्मन जातं. शिवाय तालुक्याच्या बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत जर्मन नसतंच, ते दहावीच्या वर्षातच चौकशी करून ठेवा.